ऐतिहासिक रहस्यकादंबरी

गतकाळातील एखाद्या निश्चित कालखंडात घडलेला गुन्हा किंवा गूढ घटना आणि तिचा पुराव्याच्या आधारे होणारा उलगडा हे जिचे मुख्य सूत्र असते, अशी कादंबरी. ऐतिहासिक कादंबरी व गुप्तहेरकथा ह्या दोन प्रकारांच्या संयोगातून ती निर्माण झाली असली, तरी भुयारे, वेषांतरे, गुप्त खलिते व अकस्मात प्रकट होणारे वारस ह्यांनी भरलेली अद्‌भुतरम्य ऐतिहासिक कादंबरी म्हणजे ऐतिहासिक रहस्यकादंबरी नव्हे. रहस्य असणे आणि रहस्याचा शोध असणे ह्यांत फरक आहे. शोध म्हटला की पुरावा आला आणि पुरावा कशाला म्हणावयाचे, ही कल्पना काळानुसार बदलत आलेली आहे. बोटांचे ठसे, रक्ततपासणी, शवविच्छेदन ह्यांपैकी काहीही हाताशी नसता एखादा समाज खरे-खोटे कसे ठरवीत होता, हे दाखविणे हा ह्या प्रकाराचा गाभा होय. मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण द्यावयाचे, तर मराठेशाहीतील निवाड्यांत वादी-प्रतिवाद्यांच्या तकरिरी व करीने, साक्षीदारांच्या शपथा, गोतसभेचा महजर आणि अखेरीस दिव्य अशी प्रमाणांची उतरंड असे. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात पोळला की नाही, ह्यावर निर्णय मान्य करणाऱ्या समाजात आधुनिक बुद्धिवादी गुप्तहेर नेऊन बसविला, तर ती कादंबरी ऐतिहासिक राहत नाही. आणि दिव्याचा कौल लेखकाने निमूटपणे स्वीकारला, तर ती रहस्यकादंबरी राहत नाही. ह्या पेचातून वाट काढण्यावरच लेखकाचे यश अवलंबून असते.

पाश्चात्त्य वाङ्‌मयात ह्या प्रकाराचे वेगळेपण विसाव्या शतकाच्या मध्यास जाणवू लागले. ॲगाथा क्रिस्टीने डेथ कम्स ॲज द एंड (१९४४) ही कादंबरी इ. स. पू. सु. २००० मधील ईजिप्तच्या एका कुटुंबात घडविली. लिलियन दे ला टॉरे हिने डॉ. सॅम्युएल जॉन्सनला गुप्तहेर आणि बॉझवेलला त्याचा वृत्तांतलेखक बनवून लिहिलेल्या कथांचा संग्रह १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. डच मुत्सद्दी रोबेर्ट व्हान ख्यूलिक ह्याने एका जुन्या चिनी न्यायकथेचे भाषांतर १९४९ मध्ये केले आणि त्यानंतर थांग काळातील डी ह्या न्यायाधीशावर स्वतंत्र कादंबऱ्या रचल्या. एडिथ पार्जिटर हिने एलिस पीटर्स ह्या टोपणनावाने १९७७ पासून लिहिलेल्या ब्रदर कॅडफेल मालेने ह्या प्रकारास मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. बाराव्या शतकातील श्रूझबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग राखणारा हा संन्यासी शवाची परीक्षा करतो, ती त्याच्या काळात शक्य असलेल्या वैद्यकज्ञानाच्या बळावर. ही मर्यादा लेखिकेने बहुधा कटाक्षाने पाळली आहे.

इंग्रजी वाङ्‌मयाच्या प्राध्यापकांचा रहस्यकथेशी जुना संबंध आहे. ऑक्सफर्ड येथे इंग्रजीचे अध्यापन करणारा जे. आय्. एम्. स्ट्यूअर्ट हा मायकेल इन्स ह्या नावाने रहस्यकथा लिहीत असे. हॅम्लेट, रिव्हेंज! (१९३७) ह्या त्याच्या कादंबरीत शेक्सपिअरच्या नाटकाचा खाजगी प्रयोग चालू असताना खून होतो. मात्र ह्या लेखनात पांडित्य हे बहुतांशी खेळकर अलंकरण म्हणून येते. प्राध्यापकी व्यासंग हा स्वतःच कथेचा कणा बनण्याचे अधिक महत्त्वाचे उदाहरण मार्गरेट ॲन डूडी (१९३९ –   ) हिच्या कादंबऱ्यांत सापडते. मूळची कॅनडातील ही विदुषी ऑक्सफर्ड येथे शिकली आणि वेल्समधील स्वॉन्झी, त्यानंतर अमेरिकेतील बर्कली, प्रिन्स्टन, व्हँडरबिल्ट व नॉत्र दाम ह्या विद्यापीठांत तिने अध्यापन केले. सॅम्युएल रिचर्ड्‌सनच्या कादंबऱ्यांवरील अ नॅचरल पॅशन (१९७४) आणि इंग्रजी काव्याच्या ऑगस्टन युगाचे पुनर्मूल्यन करणारा द डेअरिंग म्यूझ (१९८५) हे तिचे समीक्षाग्रंथ अभ्यासकांत मान्यता पावले आहेत. ॲरिस्टॉटल डिटेक्टिव्ह (१९७८) ही तिची पहिली रहस्यकादंबरी.

ह्या कादंबरीची घटना इ. स. पू. ३३२ मधील अथेन्समध्ये घडते. बूटाडीझ नावाच्या धनाढ्य नागरिकाचा बाणाने वध होतो आणि हद्दपार असलेल्या फिलेमॉनवर आरोप येतो. फिलेमॉन गैरहजर असल्यामुळे त्याच्या बचावाची जबाबदारी स्टेफानॉस ह्या त्याच्या तरुण चुलतभावावर येऊन पडते. अथेन्समध्ये सरकारी फिर्यादी नसे. वधाची फिर्याद मृताच्या आप्ताने करावयाची आणि मुख्य सुनावणीपूर्वी तीन महिन्यांत तीन प्राथमिक चौकश्या व्हावयाच्या, अशी पद्धती होती. डूडीने कथानकाची बांधणी ह्या तीन चौकश्यांवर केली आहे. प्रत्येक चौकशीत नायकाची बाजू अधिकाधिक दुबळी होत जाते, पुढील चौकशीपर्यंतची मुदत संपत येते आणि वाचकाची उत्कंठा कृत्रिम योगायोगांवाचून वाढते. रहस्यकथेला लागणारी गती येथे एका प्राचीन न्यायपद्धतीतूनच मिळाली आहे. ऐतिहासिक तपशील कथेवर लादलेला नसून तोच कथेला चालवितो, असे म्हणण्याजोगी उदाहरणे थोडी आहेत. हे त्यांपैकी एक होय.

स्टेफानॉस आपल्या जुन्या गुरूकडे, म्हणजे ॲरिस्टॉटलकडे, सल्ल्यासाठी जातो. ॲरिस्टॉटलची ही योजना केवळ नावाच्या मोहाने झालेली नाही. ऱ्हेटोरिक ह्या ग्रंथात त्याने प्रमाणांचे दोन वर्ग केले आहेत : साक्षी, करार, शपथा, कायदे, गुलामांच्या छळातून मिळविलेल्या जबान्या ही वक्त्याला आयती मिळणारी प्रमाणे, आणि वक्त्याने स्वतः तर्काने, श्रोत्यांच्या भावनांना आवाहन करून व स्वतःच्या चारित्र्याच्या बळावर निर्माण करावयाची प्रमाणे. कादंबरीत पहिल्या वर्गातील जवळजवळ सर्व प्रमाणे आरोपीच्या विरुद्ध आहेत. उरते ती संभाव्यतेची मीमांसा. अशा रीतीने ऱ्हेटोरिकमधील एक कोरडा वाटणारा विभाग येथे माणसाच्या जिवाचा प्रश्न बनतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ॲरिस्टॉटल हा अथेन्सचा नागरिक नव्हता. परदेशी रहिवासी म्हणून तो तेथे राहत होता आणि मॅसिडोनियाशी असलेल्या संबंधांमुळे संशयितही होता. त्यामुळे सत्य ज्याला उमगते त्याला न्यायसभेत ते मांडण्याचा अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला ते शिकून घ्यावे लागते. शेरलॉक होम्स व वॉटसन ह्यांची परिचित जोडी येथे नागरिकत्वाच्या प्रश्नाने नव्या अर्थाची झाली आहे.

डूडीच्या पुढील कादंबऱ्या बऱ्याच विलंबाने आल्या. इटालियन भाषांतराला वाचक लाभल्यानंतर ॲरिस्टॉटल अँड पोएटिक जस्टिस (२००२), ॲरिस्टॉटल अँड द सीक्रेट्स ऑफ लाइफ (२००३), पॉयझन इन अथेन्स (२००४), मिस्टरीज ऑफ इल्यूसिस (२००५) ह्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत उत्सव, प्रवास, बाजार, विवाहविधी ह्यांची वर्णने विस्तारत जातात आणि शोधाचा धागा सैल पडतो. पॉयझन इन अथेन्समधील विषप्रयोगाच्या खटल्यात पहिल्या कादंबरीचा ताण काही अंशी परत येतो. पण एकंदरीत विद्वत्तेने कथेवर मात केल्याची जाणीव ह्या पुस्तकांत टळत नाही. प्राध्यापक-कादंबरीकाराचा हा नेहमीचा दोष आहे : जे माहीत आहे ते सर्व सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही.

द ट्रू स्टोरी ऑफ द नॉव्हेल (१९९६) ह्या ग्रंथात डूडीने कादंबरीचा जन्म अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये झाला, हे मत नाकारून तिची परंपरा ग्रीक व रोमन गद्यकथांपर्यंत मागे नेली. हा ग्रंथ वादग्रस्त ठरला. बाणभट्टाच्या गद्यकथेचे नावच संपूर्ण वाङ्‌मयप्रकाराला देणाऱ्या मराठी भाषेच्या वाचकास मात्र ह्या प्रतिपादनाचे फारसे नवल वाटू नये. ॲरिस्टॉटलच्याच पोएटिक्सच्या हरवलेल्या दुसऱ्या भागाभोवती उंबेर्तो एको ह्या बोलोन्या येथील चिन्हमीमांसेच्या प्राध्यापकाने इल नोमे देल्ला रोझा (१९८०, इं. भा. द नेम ऑफ द रोझ, १९८३) ही कादंबरी उभारली. १३२७ मधील एका इटालियन मठात घडणाऱ्या खुनांचा शोध लावणारा विल्यम अखेर योग्य ठिकाणी पोहोचतो, पण चुकीच्या तर्काने. खुनांमागे त्याने कल्पिलेली संगती प्रत्यक्षात नव्हतीच. डूडीचा ॲरिस्टॉटल तर्कावर विश्वास शिकवितो, तर एकोचा विल्यम त्या विश्वासाची किंमत दाखवितो. वाङ्‌मयीन गुणवत्तेत एकोची कादंबरी निःसंशय श्रेष्ठ आहे. मात्र रहस्यकादंबरी म्हणून डूडीची पहिली कादंबरी अधिक नेटकी आहे.

वर्तमानकाळातील शोधकाने भूतकाळातील आरोपाची फेरतपासणी करणे, हा ह्या प्रकाराचा दुसरा उपप्रकार. जोसेफीन टे हिची द डॉटर ऑफ टाइम (१९५१) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. इस्पितळात अंथरुणाला खिळलेला पोलीस अधिकारी ग्रांट हा तिसऱ्या रिचर्डने आपल्या पुतण्यांचा खून केला की नाही, ह्याचा छडा कागदपत्रांवरून लावू पाहतो. रिचर्डच्या मृत्यूसमयी, १४८५ मध्ये, सर टॉमस मोर हा सात वर्षांचा बालक होता आणि त्याने लिहिलेला वृत्तांत रिचर्डच्या शत्रुपक्षाकडून आलेला असावा, हा ग्रांटचा मुख्य आक्षेप. साक्षीदाराचा हितसंबंध पाहावा, हा न्यायालयाचा साधा नियम इतिहासग्रंथाला लावल्यामुळे सामान्य वाचकाला इतिहासशास्त्राचा एक पाठच मिळाला. तथापि ग्रांट स्वतः हा नियम रिचर्डच्या बाजूच्या साक्षींना तितक्या कठोरपणे लावीत नाही आणि एका तसबिरीतील मुद्रेवरून त्याचा कल आधीच ठरलेला असतो. २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडलेल्या रिचर्डच्या सांगाड्यात पाठीच्या कण्याची वक्रता स्पष्ट दिसली. म्हणजे ट्यूडर काळातील निंदकांचे वर्णन अतिरंजित असले, तरी निव्वळ बनावट नव्हते.

मराठीत ह्याच स्वरूपाचा प्रश्न संभाजी महाराजांच्या चरित्राबाबत उपस्थित झाला. त्यांची दुर्वर्तनी ही प्रतिमा रूढ करण्यात मल्हार रामराव चिटणीस ह्याच्या बखरीचा वाटा मोठा आहे. ही बखर संभाजी महाराजांच्या वधानंतर (१६८९) शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली आणि बखरकाराचा पूर्वज बाळाजी आवजी ह्यास संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. मोर आणि चिटणीस हे दोघेही एकाच प्रकारचे साक्षीदार ठरतात. वा. सी. बेंद्रे ह्यांनी १९६० मध्ये समकालीन साधनांवर आधारलेले संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्या प्रतिमेला जबर धक्का दिला. नासिक येथे इंग्रजीचे प्राध्यापक असलेले वसंत कानेटकर ह्यांची रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) व इथे ओशाळला मृत्यू (१९६८) ही नाटके ह्यानंतरची. पहिल्या नाटकात पिता-पुत्रांमधील दुराव्याचे कोडे मांडलेले आहे. परंतु कानेटकरांची ओढ शोधाकडे नसून शोकात्मिकेकडे आहे. दोष कोणाचा, हे पुराव्याने ठरविण्यापेक्षा दोष कोणाचाच नसता घर कसे दुभंगते, हे दाखविण्यात त्यांना रस आहे. इंग्रजी वाङ्‌मयाच्या मराठी अध्यापकाने शेक्सपिअरकडून घेतले ते मनाच्या संघर्षाचे नाट्य. पुराव्याची मीमांसा त्याने इतिहाससंशोधकांकडे सोपविली. नाटककार म्हणून ही निवड योग्यच होती. मात्र तिच्यामुळे एक वाट न चोखाळता राहिली.

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या प्रारंभापासून रहस्य तिच्यासोबत आहे. रा. भि. गुंजीकरांची मोचनगड (१८७१) व ह. ना. आपटे ह्यांची उषःकाल ह्यांत ते कथानकाला गती देण्यापुरते येते. गो. ना. दातार ह्यांनी रेनल्ड्‌ससारख्या इंग्रजी कादंबरीकाराच्या कथानकांना एतद्देशीय ऐतिहासिक पेहराव चढवून कालिकामूर्ती, इंद्रभुवनगुहा ह्यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. वाचकांच्या एका संपूर्ण पिढीला त्यांनी वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण समीक्षकांनी पुरेसे मान्य केलेले नाही. तरीही त्यांच्या रूपांतरांतील काळ हा नावापुरता आहे. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथेला अफाट लोकप्रियता मिळवून दिली, परंतु ती समकालीन शहरी जीवनात. आणि ऐतिहासिक कादंबरी चरित्रपर व गौरवपर बनत गेली. दोन प्रवाह फुटले ते पुन्हा एकत्र आलेच नाहीत. अहमदनगर येथे इंग्रजीचे प्राध्यापक असलेले नाट्यकलावंत मधुकर तोरडमल ह्यांनी ॲगाथा क्रिस्टीच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यांमुळे पुराव्याच्या काटेकोर मांडणीचा नमुना मराठी वाचकापुढे आला. पण त्याचा ऐतिहासिक कादंबरीवर परिणाम झाल्याचे दिसत नाही. अलीकडील प्रकाश कोयाडे ह्यांच्या प्रतिपश्चंद्रसारख्या कादंबरीत शिवकालीन खजिन्याचा शोध वर्तमानकाळात घेतला जातो. तिचे नाते खजिनाशोधाच्या कथेशी अधिक आहे.

हीच फारकत बंगाली लेखक शरदिंदु बंदोपाध्याय (१८९९–१९७०) ह्यांच्याबाबतीत विशेष नजरेत भरते. चित्रपटलेखनासाठी मुंबईस आलेले आणि नंतर पुण्यास स्थायिक झालेले हे लेखक एका हाताने ब्योमकेश बक्षी ह्या सत्यान्वेषीच्या कथा लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने तुंगभद्रार तीरे ह्यासारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या. शिवकाळावर बेतलेल्या सदाशिव ह्या मुलाच्या कथाही त्यांनी लिहिल्या. दोन्ही प्रकारांवर असे प्रभुत्व असतानाही त्यांनी ब्योमकेशला आपल्या काळाबाहेर कधी पाठविले नाही. भारतीय इंग्रजी लेखनात ही सीमा अलीकडे ओलांडली गेली. मधुलिका लिडल हिची द इंग्लिशमन्स कॅमिओ (२००९) शाहजहानकालीन दिल्लीत घडते. नेव्ह मार्च हिच्या मर्डर इन ओल्ड बॉम्बे (२०२०) ह्या कादंबरीस मुंबईतील राजाबाई मनोऱ्यावरून पडून दोन पारशी स्त्रियांना आलेल्या मृत्यूची १८९१ मधील घटना आधारभूत आहे. सुजाता मॅसी हिच्या द विडोज ऑफ मलबार हिल (२०१८) ह्या कादंबरीतील पेरवीन मिस्त्री ही १९२१ च्या मुंबईतील वकील स्त्री नासिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी हिच्या चरित्रावरून सुचलेली आहे. पडद्यातील विधवांची साक्ष कोणाही पुरुषाला घेता येत नाही, ती एका स्त्रीलाच घेता येते, ही तिची मुख्य कल्पना. बोलण्याचा अधिकार कोणाला, हा डूडीच्या कादंबरीतील प्रश्न येथे वेगळ्या रूपात पुन्हा येतो.

ह्या प्रकाराला अनुकूल अशी सामग्री मराठ्यांच्या इतिहासात विपुल आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी चौकशी करून सत्ताधारी रघुनाथरावास दोषी ठरविले. न्यायाधीशाने आपल्याच धन्याविरुद्ध तपास करावा, ह्यापेक्षा अधिक नाट्यपूर्ण प्रारंभ रहस्यकादंबरीला मिळणे कठीण. कृ. प्र. खाडिलकरांच्या भाऊबंदकी (१९०९) ह्या नाटकाने ह्या घटनेचे नैतिक रूप प्रभावीपणे रंगविले. पण तेथे प्रेक्षकाला गुन्हेगार आधीपासूनच ठाऊक असतो. आनंदीबाईने पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही ‘ध’चा ‘मा’ची कथा इतकी म्हणीसारखी झाली आहे, की तिच्याकडे पुरावा म्हणून पाहण्याची इच्छाच मावळली. पत्र कोणाच्या हातचे होते, ते कोणाकोणाच्या हातून गेले, मोडी वळणात हा बदल नजरेत न येण्याजोगा होतो काय, गारद्यांच्या थकलेल्या पगाराचा ह्या प्रकरणाशी काय संबंध होता, हे प्रश्न कादंबरीकाराने विचारावयाचे आहेत. एका स्त्रीच्या नावावर दोन शतके चिकटलेला आरोप त्यांच्या उत्तरावर अवलंबून आहे. रघुनाथरावाचा शेवट १७८३ मध्ये कोपरगाव येथे झाला. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या वैजापूर तालुक्याला लागूनच हे गोदाकाठचे गाव आहे. सत्ता गेलेल्या संशयिताचे हे अखेरचे दिवस मराठी कादंबरीने फारसे पाहिलेले नाहीत.

सदाशिवरावभाऊच्या तोतयाचे प्रकरण ह्याहूनही अधिक उपयुक्त आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊ पडला. परंतु त्याच्या देहाच्या ओळखीविषयी शंका राहिली आणि काही वर्षांनी सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचे सांगू लागला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटून त्याने कोकणात बंड उभारले. पकडल्यानंतर पुण्यास त्याची रीतसर चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. न. चिं. केळकरांच्या तोतयाचे बंड (१९१३) ह्या नाटकात हा विषय आला आहे. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये मार्तँ गेर ह्याच्या तोतयावर चाललेल्या अशाच खटल्यावरून जॅनेट ल्यूइस ह्या अमेरिकन लेखिकेने द वाइफ ऑफ मार्टिन गेर (१९४१) ही छोटी कादंबरी लिहिली. तिने चौकशीचे सूत्र न्यायाधीशाकडे न देता पत्नीकडे दिले : ह्या पुरुषाला ती ओळखते, पण कोणत्या प्रमाणावर, आणि ते खोटे ठरले तर स्वतःच्या गेल्या काही वर्षांना तिने काय म्हणावयाचे ? पुण्याच्या प्रकरणात पार्वतीबाई आहे. पतीच्या मृत्यूवर विश्वास न ठेवता ती सौभाग्यचिन्हे धारण करून राहिली होती. दरबाराला तोतया खोटा ठरणे राजकारणासाठी आवश्यक होते. तिला तो खरा ठरणे कोणत्या अर्थाने आवश्यक होते, हे दप्तरातील कागद सांगत नाहीत. गो. स. सरदेसाई ह्यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळात प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठेशाहीतील चौकश्यांच्या भाषेचे व रीतीचे नमुने मराठी लेखकाच्या हाताशी आहेत.